चार बोटं पाणी

नवं सिंक बसवून झालं तेव्हा अप्पांनी बायकोला स्वयंपाकघरात बोलावलं. ती स्वयंपाकघरातच होती, त्यांच्या मागे दोन हातांवर पाना धरून उभी. पण कामाचं उद्घाटन असलं की बोलावणं रीतसर झालं पाहिजे, असं अप्पांचं मत होतं. समोरच्या काकूही आल्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, पण सकाळपासूनच्या ठोकाठोकीमुळे त्या दारातच होत्या. अप्पांनी हात पुसले, चष्मा सारखा केला आणि नळ सोडला.

पाणी सिंकमध्ये पडलं, जरा गोल फिरलं, जाळीपाशी घुटमळलं आणि पाहुण्याने जागा बघून ऐसपैस बसावं तसं बसलं. अप्पांनी नळ बंद केला. पाणी थोडं उतरलं, चार बोटं उरलं आणि तिथेच थांबलं. तिघंही त्या पाण्याकडे बघत राहिली. त्यात छताचा दिवा अगदी स्वच्छ दिसत होता.

"पहिल्यांदा जरा वेळ लागतो," अप्पा म्हणाले. "पाइपात हवा असते."

चाळीस मिनिटं वाट पाहण्यात गेली. तेवढ्यात काकू दोनदा घरी जाऊन आल्या. दुसऱ्यांदा येताना त्यांनी बसायला स्टूलही आणलं. चाळीस मिनिटांनंतर हवा कुठे गेली असेल तिकडे गेली असेल, पाणी मात्र होतं तिथेच होतं. बायकोने मुकाट्याने ओट्यावरची खरकटी भांडी गोळा केली आणि न्हाणीघरात नेली.

आता, कोणाच्याही घरात सिंक तुंबू शकतं. पण अप्पा नगरपालिकेच्या सांडपाणी विभागात आरेखक होते. सव्वीस वर्षं. गावातलं पाणी कुठून निघतं, कुठे वळतं, किती उताराने कुठे जातं, हे कागदावर काढणं त्यांचं काम. लाखभर माणसं रोज सकाळी चूळ भरून टाकत आणि ती चूळ अप्पांनी आखलेल्या रेघांवरून निमूटपणे गावाबाहेर जाई. मधेच कुठे थांबल्याची तक्रार नव्हती. त्यामुळे सिंक बसवायला प्लंबर बोलावण्याचा प्रश्नच आला नव्हता. बायकोने एकदा विचारून पाहिलं होतं, तेव्हा अप्पांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तिने तो विषय पुन्हा काढला नाही.

खोल सिंक हवं ही मागणी तिची. जुनं सिंक ताटाएवढं उथळ होतं. मोठं पातेलं त्यात मावायचं नाही आणि धुताना निम्मं पाणी अंगावर यायचं. अकरा वर्षं ती रोज दोनदा भिजत होती. या वर्षी अप्पांनी मनावर घेतलं. स्वतः दुकानात जाऊन दहा इंच खोल, चकचकीत स्टीलचं सिंक निवडलं. ओट्याचा नकाशा काढला, तोही तीन रंगांच्या शाईत. लांबी-रुंदीत केसाचा फरक नव्हता. सिंक ओट्यात असं बसलं की कडेतून कागदसुद्धा जाईना. फक्त पाणी जात नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले यायला लागले. काकूंनी उकळतं पाणी आणि सोडा ओतायला सांगितला. ओतला. आता चार बोटं पाणी गरम झालं आणि फसफसलं, पण हललं नाही. वरच्या मजल्यावरचे विमा एजंट आले. त्यांनी पाणी बराच वेळ निरखलं आणि नव्या सिंकला सवय व्हायला आठ-पंधरा दिवस लागतात असं सांगितलं. जाता जाता सिंकचा विमा उतरवता येतो का ते बघून सांगतो, असंही म्हणाले. काकूंच्या दिरांनी बारा फूट तार आणून आत घातली. ती सात फूट आत गेली आणि काही केल्या बाहेर येईना, तेव्हा ते तार कापून, उरलेली घेऊन घरी गेले. प्रत्येक जण अप्पांना समजावून सांगत होता की पाणी नेहमी वरून खाली जातं. हे वाक्य सव्वीस वर्षं अप्पा इतरांना समजावत आले होते. ते नऊ वेळा, तेही स्वतःच्या स्वयंपाकघरात उभं राहून ऐकून घेताना त्यांच्या मानेची शीर ताठ व्हायची.

शेवटी त्यांनी लांब दांड्याचा रबरी पंप आणला. बाह्या वर सारल्या आणि सिंकवर तो असा चालवला की ओट्यावरचे डबे नाचायला लागले. विसाव्या दाबाला भिंतीत आत कुठेतरी मोठा ढेकर आला आणि सगळं पाणी सपकन गेलं. अप्पांनी वळून बायकोकडे पाहिलं. तो क्षण त्यांना पुरता उपभोगताही आला नाही, कारण तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

खालच्या मजल्यावर निवृत्त बेलीफ राहत. उभी हयात कोर्टाच्या नोटिसा बजावण्यात गेल्यामुळे त्यांना तोंडी बोलायची सवय राहिली नव्हती. त्यांनी अप्पांच्या हातात कागद ठेवला आणि पोच म्हणून दुसऱ्या कागदावर सही घेतली. कागदात लिहिलं होतं की, आज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी माझ्या सिंकमधून काळा गाळ, एक बाटलीचं झाकण आणि सात फूट तार वर आली आहे. सदर वस्तू माझ्या नाहीत. आपण त्या ओळखाव्यात.

अप्पा खाली गेले. तार ओळखली. दोन तास खाली वाकून बेलिफांचं स्वयंपाकघर पुसून काढलं. बेलीफ शेजारी उभं राहून कुठे राहिलंय ते बोटाने दाखवत होते. अप्पा वर आले, नळ सोडला, तर चार बोटं पाणी परत येऊन बसलं होतं.

प्लंबर आला तो बायकोने बोलावल्यामुळे. अप्पा तेव्हा कचेरीत होते असं ती सांगायची, प्रत्यक्षात ते बाहेरच्या खोलीत पेपर तोंडासमोर धरून बसले होते. प्लंबर पन्नाशीचा, सडपातळ आणि कमी बोलणारा. त्याने सिंकखाली डोकं घातलं, अर्ध्या मिनिटात काढलं आणि विचारलं, "कोणी बसवलं?"

बायको छताकडे बघायला लागली. अप्पा पेपर खाली ठेवून उठले. "आम्ही," ते म्हणाले. एकटे असूनही त्यांना 'मी' म्हणवेना.

"सिंक खोल घेतलंत. त्याचं तोंड आलं खाली आणि भिंतीतलं भोक राहिलं वर. पाण्याला चार बोटं चढ लागतोय. ते चढणार कसं?"

अप्पा वाकले. बघितलं. मग तसेच वाकलेले राहिले, कारण सरळ उभं राहून कोणाकडे बघावं हे त्यांना कळेना. त्यांनी लांबी मोजली होती, रुंदी मोजली होती. खोली कागदावर आली नव्हती, कारण वरून काढलेल्या नकाशात खोली दिसतच नाही. त्यासाठी उभा छेद काढावा लागतो. छेद काढला नाही म्हणून अप्पांनी आजवर किती नव्या आरेखकांचे नकाशे परत केले होते याची गणती नव्हती. एक तर रडलाही होता.

प्लंबरने दोन उपाय सांगितले. पहिला सोपा. जुनं उथळ सिंक परत बसवायचं, तासाभराचं काम. दुसरा म्हणजे भिंत फोडून, आतल्या उभ्या पाइपाला खालच्या अंगाने नवं भोक पाडायचं. पण तो पाइप सगळ्या इमारतीचा, जुना, बिडाचा. छिन्नी चुकली तर तडकेल आणि मग वरच्या चार मजल्यांचं पाणी याच स्वयंपाकघरात उतरेल. शिवाय सोसायटीची परवानगी लागणार.

अप्पांनी बायकोकडे पाहिलं. आठ दिवस ती न्हाणीघरात खाली बसून भांडी घासत होती. उठताना गुडघ्यावर हात ठेवून, भिंतीचा आधार घेऊन उठत होती. तिने एका शब्दाने बोल लावला नव्हता, आणि तेच त्यांना जास्त लागत होतं.

"जुनंच बसवू का?" त्यांनी हळूच विचारलं. "उद्यापासून उभं राहता येईल तुला."

ती ओल्या हाताने सिंकची कड पुसत होती. "हेच हवंय मला," ती म्हणाली. "आणखी थोडे दिवस बसेन खाली."

झालं. आता माघार नव्हती.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी अर्ज वाचला आणि सामायिक पाइपाला हात लावायचा तर नगरपालिकेची मंजुरी हवी, असं अत्यंत खेदाने सांगितलं. खेद खोटा होता, कारण असा नियम आहे हे अप्पांनीच त्यांना दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं, काकूंच्या गॅलरीतल्या नळाच्या वेळी. अप्पांनी तीन प्रतींत अर्ज केला. या वेळी नकाशात उभा छेद असा ठळक काढला की तो लांबून भिंतीवरूनही दिसावा. अर्ज सांडपाणी विभागाच्या आवक खिडकीवर गेला, त्यावर शिक्का बसला, क्रमांक पडला आणि चौथ्या दिवशी तो घरगुती जोडण्या तपासणाऱ्या टेबलावर आला. घरगुती जोडण्या अप्पाच तपासत.

त्यांनी चष्मा पुसला आणि अर्ज वाचायला घेतला. अक्षर चांगलं होतं. नकाशा नेटका होता. पण नियमाप्रमाणे इमारतीतल्या उभ्या पाइपाची मूळ पातळी मंजूर नकाशावरून द्यावी लागते, ती अर्जदाराने अंदाजाने दिली होती. अप्पांनी लाल पेन्सिल उचलली.

नेमके तेव्हा मोठे साहेब बाजूने चालले होते. त्यांनी अर्जावरचं नाव वाचलं आणि हसून म्हणाले की सही करा आणि मोकळे व्हा, घरचंच काम आहे.

"साहेब, अर्जदाराने मूळ पातळी दिलेली नाही."

"अर्जदार कोण आहे?"

"मी आहे."

"मग विचारा की त्याला."

"विचारतो," अप्पा म्हणाले. "लेखी विचारतो."

 साहेबांनी अप्पांच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते निघून गेले.

तीन दिवसांनी घरी टपालाने पत्र आलं. पोच द्यायची होती, ती बायकोने सही करून दिली. अप्पा संध्याकाळी आले तेव्हा ती पत्र हातात धरून बसली होती. तिने वाचून दाखवलं. आपला अर्ज अपूर्ण असल्याने परत करण्यात येत आहे, मूळ नकाशावरून पातळीची खात्री करून पंधरा दिवसांत पुन्हा सादर करावा.

"कोण आहे हा शहाणा?" तिने विचारलं. "याच्या घरी भांडी घासत नाहीत का कोणी?"

अप्पांनी बूट काढले, ते नीट जोडून ठेवले आणि म्हणाले, "खाली सही बघ."

तिने बघितली. लग्नाच्या दाखल्यावर तिच्या सहीशेजारी हीच सही होती. ती पत्राकडे आणि अप्पांकडे आळीपाळीने बघत राहिली. त्यांना वाटलं, आता रडते की काय. पण तिच्या खांद्यांना हादरे बसायला लागले आणि मग तोंडावर हात घेऊन ती इतकी हसली, इतकी हसली की काकू दार उघडून बाहेर आल्या. अप्पाही आधी नाइलाजाने आणि मग खरोखर हसले. रात्री जेवताना तिने मधेच घास थांबवून विचारलं, "समजा, गुपचूप सही केली असती, तर?"

"तर मग परवा ज्यांचा अर्ज परत पाठवला, त्यांच्याकडे कसं बघितलं असतं?"

तिने त्यांच्या ताटात न विचारता वाढलं. अप्पांना ते कौतुक वाटलं आणि ते बरोबरच होतं.

दुसऱ्या दिवशी ते अभिलेख खोलीत गेले. इमारत चाळीस वर्षांपूर्वीची. तीन कपाटं, दोन झुरळं आणि एक मोडकी शिडी एवढ्या प्रवासानंतर तिचा मूळ नकाशा सापडला. घडीवर घडी, पिवळा पडलेला. अप्पांनी तो टेबलावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार दौती ठेवल्या आणि वाकले. पहिल्याच आकड्यावर त्यांची नजर अडली. सातच्या आकड्याला मधे आडवी रेघ होती. अख्ख्या विभागात असा सात एकच माणूस काढायचा. मोठे आरेखक. अप्पा नोकरीला लागले तेव्हा त्यांच्याच शेजारी बसत. पेन्सिलीला टोक कसं काढायचं इथपासून त्यांनी शिकवलं होतं. ते जाऊनही आता बारा वर्षं झाली होती.

उभ्या पाइपाच्या रेघेवरून बोट खाली नेताना अप्पांना प्रत्येक मजल्यावर, नेहमीच्या जोडणीच्या आठ इंच खाली, एक बारीक वर्तुळ दिसलं. शेजारी मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं, 'जादा तोंड, बूच लावून. पुढे कोणास लागल्यास.'

अप्पांनी ते तीनदा वाचलं. म्हणजे पाइपाला भोक पाडायची गरजच नव्हती. ते भिंतीत तयार होतं. चाळीस वर्षांपूर्वी कोणीतरी टेबलाशी बसून विचार केला होता की या घरांत उद्या वेगळी माणसं येतील, त्यांना काय हवं असेल सांगता येत नाही. अप्पांनी चष्मा काढून पुसला. धूळ फार होती त्या खोलीत.

अर्ज पुन्हा गेला, पुन्हा त्यांच्याच टेबलावर आला, आणि या वेळी शोधूनही काही कमी सापडलं नाही. मोठ्या साहेबांनी अंतिम सही केली. ती करताना त्यांनी विचारलं, अर्जदार खूश आहे का. अप्पा म्हणाले, पाणी गेल्यावर सांगेल.

रविवारी सकाळी स्वयंपाकघरात प्लंबर, सेक्रेटरी, काकू आणि बायको एवढी मंडळी जमली. बेलीफ खाली आपल्या सिंकसमोर खुर्ची टाकून बसले होते. सेक्रेटरींनी अप्पांकडून लिहून घेतलं की पाइप तडकल्यास सर्वस्वी जबाबदार ते. भिंतीत जादा तोंड आहे यावर त्यांचा विश्वास नव्हता. प्लंबरचा तर मुळीच नव्हता. "नकाशे पुष्कळ पाहिलेत," तो म्हणाला. "भिंतीत वेगळंच निघतं."

अप्पांनी टेप लावला. जमिनीपासून चौदा इंच. भिंतीवर पेन्सिलीने फुली मारली.

प्लंबरने बेताने छिन्नी चालवली. आधी गिलावा पडला, मग विटेचा कोपरा. मग आतला पाइप दिसला, काळा आणि गुळगुळीत. तोंड कुठेच नव्हतं. प्लंबरने बोट फिरवून पाहिलं आणि मान हलवली. सेक्रेटरींनी अत्यंत खेदाने घड्याळात पाहिलं. काकूंनी उसासा टाकला. अप्पांनी नकाशा पुन्हा उघडला. चौदा म्हणजे चौदाच होतं. मोठ्या आरेखकांचा आकडा चुकणं शक्य नव्हतं, भिंत चुकणंही शक्य नव्हतं. राहिले कोण, तर अप्पा. मानेची शीर पुन्हा ताठ झाली. त्यांना वाटलं, आता सांगून टाकावं, आणा ते जुनं सिंक.

बायको खाली पडलेला गिलावा गोळा करायला वाकली होती. ती वाकलेलीच थांबली.

"अहो," ती म्हणाली, "जमीन तीच आहे का?"

"म्हणजे?"

"आपण राहायला आलो तेव्हा जुनी फरशी न काढता वर नवी घातली होती. दारं खालून कापून घ्यावी लागली होती. विसरलात?"

 अप्पा गुडघ्यांवर बसले. उंबऱ्यापाशी टेप लावून जुन्या आणि नव्या फरशीतला फरक मोजला. दोन इंच. नकाशातली जमीन दोन इंच खाली होती, म्हणजे तोंडही फुलीच्या दोन इंच खाली. त्यांनी दुसरी फुली मारली. 

"इथे," ते प्लंबरला म्हणाले. "हळू. बूच आहे आत."

पहिल्या ठोक्याला वीट हलली, दुसऱ्याला निघाली. तिसऱ्या ठोक्याला आतून घंटेसारखा खणखणीत आवाज आला आणि प्लंबरने छिन्नी खाली ठेवली. त्याने बोटांनी माती झाडली. आत बिडाचं गोल बूच होतं, चाळीस वर्षं कोणीही हात न लावलेलं.  सेक्रेटरी वाकून बघायला पुढे आले आणि त्यांच्या पांढऱ्या शर्टाला गिलावा लागला, तरी ते मागे सरले नाहीत.

बूच फिरायला अर्धा तास लागला. पुढचं काम प्लंबरचं होतं आणि ते त्याने फार सुरेख केलं. पाइपाचा उतार त्याने पाणसळ लावून पाहिला, मग पाणसळ अप्पांच्या हातात दिली आणि त्यांनाही बघायला लावलं. दुपारी अप्पांनी नळ सोडला नाही. तो बायकोला सोडायला सांगितला.

तिने मोठं पातेलं काठोकाठ भरलं आणि एकदम सिंकमध्ये उपडं केलं. पाणी भोवऱ्यासारखं फिरलं, जाळीतून घुटका घेतल्यासारखा आवाज झाला आणि सिंक रिकामं झालं. एक थेंब तिच्या अंगावर उडाला नाही. तिने आणखी एक पातेलं ओतलं, मग आणखी एक. चौथ्या वेळी गरज नव्हती, तरी ओतलं. खालून बेलिफांचा आवाज आला, आणि त्यांचा आवाज इमारतीत बऱ्याच जणांनी प्रथमच ऐकला. "इकडे काही नाही."

प्लंबर हत्यारं आवरत होता. नकाशाची घडी घालणाऱ्या अप्पांना त्याने विचारलं, "हा तुम्ही काढलेला?"

हो म्हटलं असतं तर तिथे कोणाला कळणार नव्हतं. "नाही," अप्पा म्हणाले. "ज्यांनी मला शिकवलं त्यांनी."

प्लंबरने हत्यारांची पिशवी खाली ठेवली. पलीकडच्या गल्लीत याच काळातल्या आणखी तीन इमारती आहेत, तिथेही लोक खोल सिंक मागतात आणि तो त्यांना नाही म्हणतो, असं त्याने सांगितलं. त्यांचे नकाशे बघायला मिळतील का? आणि तुम्ही आलात फुली मारायला, तर बरं होईल, साहेब. सकाळपासून पहिल्यांदाच त्याने साहेब म्हटलं होतं. अप्पांनी रीतसर अर्ज करायला सांगितलं, आणि अर्ज कसा करायचा ते बसून समजावूनही दिलं.

संध्याकाळी ते बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसले होते. पेपरातलं काही डोक्यात शिरत नव्हतं, आतून भांड्यांचा आवाज येत होता तोच ऐकत होते. भांडी मांडता मांडता बायकोने बहिणीला फोन लावला. पहिली दोन-चार वाक्यं त्या खणखणाटात अप्पांना ऐकू आली नाहीत. सिंक किती खोल आहे, त्यात काय काय मावतं, पाणी कसं सपकन जातं, हे सगळं सांगून झालं. पलीकडून बहिणीने प्लंबर कसा होता असं विचारलं असावं.

"प्लंबर होता ना," ती म्हणाली. "ह्यांच्या हाताखाली."

अप्पांनी पेपर बाजूला ठेवला. हे खरं नव्हतं. भिंत ज्याने फोडली, बूच ज्याने फिरवलं, त्याच्यावर हा अन्याय होता. शिवाय आणखी एक गोष्ट सांगायची राहत होती, आणि ती राहून चालणार नव्हतं. ते उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"अगं, फरशीचं तू ओळखलंस," ते म्हणाले. "ते सांग तिला."

बायकोने फोनवर हात ठेवला आणि मान वळवली.

"ते सगळ्यात आधी सांगितलं," ती म्हणाली.